उताणा टाळ

या, अशी जवळ या. भिंतीला टेकू नका, पाठ पांढरी होईल. इथं सतरंजीवर बसा. बुवांचा चहा चाललाय, मृदंगाला कणीक लावायची राहिलीय, म्हणजे कीर्तनाला अवकाश आहे. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगते. गोष्ट देवाची नाही. देवाच्या आणि आपल्या डोक्यावर जे छप्पर आहे ना, त्याची आहे. आणि ती मी कुणाकडून ऐकलेली नाही, डोळ्यांनी बघितलेली आहे.

त्या सकाळी आम्ही भजनी मंडळाच्या बाया याच छपरावर ओळीनं बसलो होतो. हातात लाकडी थापी, तोंडात भजन, आणि खाली ओला चुना. शालन गुडघे टेकून एकेकीच्या थापीला कान लावल्यासारखी ऐकत पुढं सरकत होती.

"मावशी, हळू. तुमची लय चढली."

"अगं, भजन म्हटलं की लय चढायचीच."

"चढू देऊ नका. विठ्ठलाला घाई नाही आणि चुन्यालाही नाही."

ही शालन म्हणजे आमच्या गावच्या कुंभाराची लेक. पुण्याला जाऊन घरं बांधायचं शिकली आणि शिकून परत आंबेसावळीत आली, हेच मुळात लोकांना पटलं नव्हतं. त्यातून गावानं देवळापुढं मंडप बांधायला काढला, तेव्हा ती म्हणाली, स्लॅब नको, पत्रे नकोत. आपल्याच भट्टीच्या विटांच्या बसक्या कमानी करू, आणि वर चुन्याचा कोबा. उन्हाळ्यात आत गार राहील, पन्नास मैलांवरून सिमेंट आणायला नको. कोबा म्हणजे वीटखडी, चुना, भिजवलेला हिरडा आणि गुळाचं पाणी एकजीव करायचं, पसरायचं आणि थापीनं दिवसचे दिवस हलक्या हातानं बडवत राहायचं. बडवताना गाणं लागतं, म्हणजे हात एका तालात पडतात. पूर्वी ते करणाऱ्या बाया होत्या, त्यांची गाणी होती. त्या गेल्या, गाणी गेली. मग शालन माझ्याकडं आली. म्हणाली, "कौतिकमावशी, गाणी नाहीत तर भजन चालेल." अशा आम्ही देवाच्या नावानं छपरावर चढलो.

गाव हसत होतं. रंगनाथ ठेकेदार पारावर बसून म्हणायचा, "कुंभाराची पोर, तिला दुसरं काय सुचणार? भट्टीच बांधली. आता भट्टीत बसून कीर्तन ऐका." आसपासच्या गावातले स्लॅब आणि पत्रे त्याचेच. माणूस वाईट नव्हता, पण दुकान त्याचं होतं.

हसणं सोसलं असतं. खरी अडचण वेगळीच होती. तालुक्याच्या इंजिनिअरसाहेबांची, बोधनकरांची, सही लागत होती, आणि त्यांच्या दरांच्या पुस्तकात चुन्याचं छप्पर कुठं बसतच नव्हतं. साहेब सरळ माणूस. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. शालनला म्हणाले, "तुझं गणित मी तपासलं, चुकीचं नाही. पण उद्या गळलं तर जाब मला विचारतील. छपरावर पाणी साठव. खाली थेंब पडला नाही तर मी सही करतो. एवढंच नाही, शाळेच्या खोल्यांवरचे पत्रे काढून तिथंही हेच करायला मी वर लिहितो. थेंब पडला तर मात्र हा कोबा फोडायचा आणि रंगनाथचा स्लॅब घालायचा."

शाळेच्या पत्र्यांखाली मी चैत्रातली पोरं बघितली होती. पाटीवर घामाचे थेंब पडून अक्षरं पुसली जायची. एकदा माझी नात तिथंच भोवळ येऊन पडली होती. तेव्हा त्या छपराला थापी मारताना माझं सगळं लक्ष विठ्ठलाकडं होतं असं म्हटलं तर ते खरं होणार नाही.

तर त्या सकाळी शालन एका जागी थांबली. तिनं थापी मारली आणि थापी हातात उडाली. "बास," ती म्हणाली. "चुन्यानं धरलं. आता याला कुणी हात लावायचा नाही. हळूहळू घट्ट होईल."

तेवढ्यात शिडी वाजली. वर आले लिंबाजीबुवा.

सप्ताहाच्या कीर्तनासाठी बुवा त्याच सकाळी गावात आले होते. आमच्या भागात त्यांच्या नावावर बैलगाड्या जुंपल्या जायच्या. उंच, आडवे, पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, आणि आवाज असा की भोंग्याची गरज नाही. खाली अख्खं गाव माना वर करून उभं होतं. बुवांनी सगळीकडं नजर फिरवली, हसले, म्हणाले, "बायांनो, तुम्ही तर देवाला गोवर्धन उचलून दिला." मग उपरण्यातून नारळ काढला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला, आणि कुणी काही म्हणायच्या आत छपराच्या मधोमध फोडला.

खाली गजर झाला. आम्ही खोबरं वाटून घेतलं. बुवा उतरले.

शालन मात्र तिथंच बसली होती. नारळ फुटला त्या जागेवरून बोट फिरवत होती. मग तिनं मूठभर ओला चुना घेतला आणि तिथं चोळला.

"काय गं?"

"काही नाही मावशी. नारळाचं पाणी सांडलं, मुंग्या लागतील."

मला ते खरं वाटलं.

पाणी भरायचा दिवस कोबा चांगला वाळल्यावर ठरला असता तर बरं झालं असतं. पण सप्ताह तोंडावर आला होता, साहेबांची दुसरीकडं बदली होणार असं ऐकू येत होतं, आणि नवा साहेब कसा येईल कुणास ठाऊक. शालननं मन घट्ट केलं. गावातल्या घराघरातून एकेक घागर वर गेली. कठड्याच्या आत पाणी उभं राहिलं, त्यात ढग दिसायला लागले.

आणि पहिलं कीर्तन त्याच पाण्याखाली.

ते दुपारी ठेवलं होतं, कारण साहेबांना संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं होतं. मंडप भरला, पण लोक कडेकडेनं बसले. मधल्या कमानीखाली रिकामी जागा. साहेब खांबाजवळ खुर्चीवर. शेजारी रंगनाथ. बुवा गादीवर उभे राहिले, गळ्यात टाळ, मागं टाळकऱ्यांची ओळ. साहेबांचे डोळे वर, बुवांचे समोर, आणि शालनचे खाली. ती माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या हाताला लागला तर गार पडलेला.

"थंडी वाजतेय का?"

"नाही."

बुवांनी निरूपण सुरू केलं. काय सांगू तुम्हाला, त्या कमानीखाली आवाज असा फिरत होता की शेवटच्या म्हातारीलाही शब्द न शब्द कळावा. लोक हळूहळू सैल झाले. एकजण पुढं सरकला, मग दुसरा. मलाही वाटलं, जमलं. टाळकऱ्यांनी चाल उचलली, मृदंग बोलायला लागला.

आणि बुवांच्या पायाच्या अंगठ्याशी थेंब पडला.

मला तो दिसला. साहेबांनाही दिसला. त्यानंतर दुसरा पडला.

"साहेब," रंगनाथ म्हणाला, "गळलं."

बुवांनी हात वर केला. टाळ थांबले.

"रंगनाथ, कीर्तनात मधे बोलू नये."

"मी कुठं बोललो बुवा? छप्पर बोललं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेब खुर्चीतून उठले होते. त्यांना आनंद झालेला नव्हता, तेवढं मी सांगू शकते. "क्षमा करा बुवा," ते म्हणाले, "पण अट ठरली होती. आता मला दुसरं काही लिहिता येणार नाही."

बुवांनी वर बघितलं. मग म्हणाले, "शालन, पुढं ये."

ती उठली.

"या जागेच्या वर नेमकं काय आहे?"

"बुवा, कीर्तन चालू ठेवा."

"मी जागा विचारली, बाळ."

"मधली कमान."

"मधल्या कमानीवर काय झालं होतं?"

तिनं एकदा साहेबांकडं बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "काही झालं नाही. माझंच काम कुठंतरी कच्चं राहिलं असेल."

"झालं," रंगनाथ म्हणाला. "कबूल केलं पोरीनं."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती मूठभर चुना चोळताना उभी राहिली. मुंग्या नव्हत्या, काही नव्हतं. तिला त्याच वेळी कळलं होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, आणि ते वाक्य ती गिळून उभी होती. बुवांच्या नारळानं देवाचं छप्पर फुटलं, हे गावात कुणी उच्चारायचं? सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी? मी उठले. तोंड उघडलं. शालननं वळून माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं.

"कौतिकबाई, बसा," बुवा म्हणाले. "माझं मला सांगू द्या."

त्यांनी डोक्याचा फेटा सारखा केला. आवाज नेहमीचाच, पण खाली आलेला.

"या गादीवर उभा राहून मी आयुष्यभर लोकांचे दोष सांगत आलो. लोक हात जोडून ऐकत आले. आज माझा सांगतो. देवाला नारळ द्यायचा तर पायरीवर दगड होता. तिथं फोडायचा. मी छपरावर चढलो. का चढलो? खाली सगळं गाव बघत होतं म्हणून. ओल्या चुन्यावर हाताचा सगळा जोर लावून फोडला, कारण आवाज मोठा व्हायला पाहिजे होता. या जागी जी चीर पडली ती माझ्या हातची आहे. ह्या पोरीनं ती बघितली आणि माझी लाज झाकली. आत्ता, तुमच्यासमोर, स्वतःचं काम घालवून झाकत होती."

मागून एक म्हातारा पुटपुटला, "देवाच्या माथ्यावर नारळ फुटला म्हणायचा. अपशकुन."

"अपशकुन नव्हे आबा, मूर्खपणा," बुवा म्हणाले. "दोघांत फरक आहे. मूर्खपणा निस्तरता येतो."

रंगनाथ म्हणाला, "बुवा, तुमचा मोठेपणा हाय. पण थेंब तो थेंबच की."

"तो खरं बोलतोय," साहेब म्हणाले. "कारण काहीही असो. गळणाऱ्या छपराखाली मी पोरं बसवू शकत नाही."

तेव्हा शालन बोलली. "साहेब, चीर केसाएवढी आहे. चुन्यातली अशी चीर पाणीच भरून काढतं. पाण्याबरोबर चुना खाली उतरतो आणि चिरेत बसतो. पाणी काढू नका. काल्याच्या दिवसापर्यंत तसंच राहू द्या."

"आणि नाही भरली तर?"

"तर फोडायची पहिली पहार मी घालते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हे मी पुस्तकात वाचलंय," ते म्हणाले. "बघितलं कधी नाही."

"मग बघा की," बुवा म्हणाले.

"आणि कुणी वरून मेण चोपडलं तर?" रंगनाथ म्हणाला. "डांबर लावलं तर?"

"रास्त बोललास," बुवा म्हणाले. "तुझाच माणूस बसव वर. जेवण सप्ताहातून पोचेल."

मग बुवांनी गळ्यातला टाळ काढला. त्यातली एक वाटी उताणी केली आणि गादीवर, थेंब पडत होता त्या जागी ठेवली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. थेंब सुटला आणि वाटी वाजली. बारीक, पण शेवटपर्यंत ऐकू जाईल अशी.

"काल्यापर्यंत हा टाळ थेंबच वाजवील," बुवा म्हणाले आणि एक पाऊल बाजूला सरून त्यांनी निरूपण जिथं सोडलं होतं तिथून धरलं.

साहेबांची एसटी चुकली. ते सरपंचांकडं राहिले आणि पहाटे गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते ज्यानं काढले त्यालाच माहीत. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर, अखंड. तसा त्या वाटीलाही पहारा लागला, न सांगता; भरत आली की कुणीतरी ओतून परत तिथंच ठेवायचं. सकाळी पारायणाला बसलेली माणसं ओवी संपली की श्वास घ्यायला थांबायची आणि त्या थांबण्यात टण् व्हायचं. वाचणारा पुढची ओवी विसरायचा. कधी कीर्तनाला न येणारी माणसं मंडपात येऊन बसायला लागली. विचारलं तर म्हणायची, "काही न्हाई, ऐकायला आलो." काय ऐकायला, ते कुणी बोलायचं नाही.

मग एक दिवस थेंब वाढले. वाटी घाईघाईनं वाजायला लागली, आमच्या भजनासारखी लय चढत गेली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मी शालनच्या घरी गेले. ती ओसरीवर बसली होती, पुढं ताट तसंच.

"वाढलंय गं."

"मला ऐकू येतंय मावशी. इथपर्यंत येतंय."

"असं का व्हावं?"

"विटा पाणी पिऊन भरल्या असतील, म्हणून सोडतायत. तसंच असणार." मग म्हणाली, "तसंच असू दे."

"तुला त्या दिवशी बोलता आलं असतं."

"काय बोलायचं होतं? आमचे वडील दर भट्टी पेटवायच्या आधी बुवांचं नाव घेतात. विटा चुकल्या तर पुन्हा भाजता येतात मावशी. माणसाचं नाव गेलं तर ते भाजून परत येत नाही."

मी तिला दोन घास भरवले. तिनं ते लहान पोरीसारखे खाल्ले.

परत येताना मंडपात डोकावले. दुपारची वेळ, पहाऱ्याचा वीणेकरी सोडला तर कुणी नव्हतं. आणि वाटीजवळ बुवा एकटेच बसले होते. त्यांनी तळहात वाटीवर धरला होता, थेंब हातात घेत होते. मला बघून ओशाळले.

"आवाज सोसवेना, बाई," ते म्हणाले. "घटकाभर हात धरला." मग हात काढून घेतला. "पण नको. वाजू दे."

दुसऱ्या दिवशी थेंबांमधलं अंतर वाढलं की मलाच तसं वाटलं, सांगता येईना. त्याच्या पुढल्या दिवशी मात्र वाचणाऱ्याला पुढची ओवी आठवली.

काल्याच्या दिवशी साहेब सकाळीच आले. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती, मधली कमानही भरलेली. आमच्या त्या बायकांच्या ओळीत शालन बसली होती, डोळे मिटून. बुवांनी काल्याच्या कीर्तनात गोकुळ उभं केलं. वर पाणी, खाली गोपाळ, आणि डोंगर आपल्या काठीवरच टेकलाय असं प्रत्येकाला वाटतंय. लोक हसत होते, रडत होते. मी दोन्ही करत होते आणि कान वाटीकडं होते. वाजली का? टाळांत ऐकू येईना. वाजली का?

कीर्तन संपत आलं. बुवांनी टाळ थांबवले आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "जरा गप्प बसू या."

आम्ही गप्प बसलो. बाहेर एक शेळी ओरडली. आत काहीच वाजलं नाही.

साहेब उठले, गादीपाशी आले, बूट काढून उकिडवे बसले आणि त्यांनी वाटीत बोट घातलं. बोट वर आलं ते कोरडं, आणि टोकाला पांढरं. त्यांनी ते चोळलं, हुंगलं. मग वर बघितलं. विटांच्या सांध्यावर पांढरी रेघ उमटली होती, कुणी खडूनं ओढल्यासारखी.

ते सरळ बाहेर जाऊन शिडीला लागले. वरून त्यांचा आवाज आला, रंगनाथच्या माणसाशी बोलताना.

"पाणी आहे का?"

"हाय की. माझी टोपी पडली त्यात."

"कुणी वर आलं होतं?"

"कावळे आले होते साहेब. मी तर हललोच न्हाई, जेवण झकास हुतं."

साहेब खाली आले. खांबाजवळची खुर्ची तशीच होती. ते खुर्चीवर बसले नाहीत. पुढं येऊन लोकांत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बुवा, हंडी फोडा."

शालननं तेव्हा डोळे उघडले. मी तिचा हात धरला होता. तो गरम होता.

दहीहंडी मधल्या कमानीला बांधली होती. बुवांनी काठी उचलली. उचलली आणि तशीच धरून राहिले. मग वळले आणि एवढा मोठा माणूस, भर मंडपात, लेकरासारखं विचारता झाला, "शालन, इथं फोडू का?"

सगळा मंडप हसला. रंगनाथसुद्धा हसला.

"नको बुवा," ती म्हणाली. "बाहेर, पिंपळाखाली."

हंडी सोडून पिंपळाखाली नेली. तेव्हापासून आमच्या गावात नारळ फोडायचा असो, हंडी असो, नाहीतर नुसता खिळा ठोकायचा असो, माणूस आधी इकडंतिकडं बघून विचारतो, "शालनला विचारलं का?" ती आता कुठं कुठं बांधत फिरते, पण विचारायची रीत राहिली.

शाळेचे पत्रे पुढल्या चैत्राआधी उतरले. चुन्याच्या कामाचा ठेका कुणी घेतला म्हणाल? रंगनाथनं. आता पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, सिमेंटात काय हाय, चुना जिवंत असतो.

आणि बुवा त्यानंतर कितीतरी वर्षं येत राहिले. तो एक टाळ त्यांनी पुन्हा गळ्यात घातला नाही. जोडीतली एक वाटी इथंच ठेवून गेले. ती बघा, देवाच्या पायाशी, आतून पांढरी आहे. घासायची नाही असं सांगून ठेवलंय. आता ते नाहीत.

चला, आजचे बुवा उभे राहिले. आता बोलायचं नाही. फक्त एवढं करा माझ्यासाठी. गजर चढला की मान वर करा. गादीच्या बरोबर वर, मधल्या कमानीला ती पांढरी रेघ दिसेल. दिसली की लिंबाजीबुवांची आठवण काढा. त्यांचं कीर्तन तुम्ही ऐकलेलं नाही, पण त्यांच्या छपराखाली बसला आहात.